बेस्ट कंडिशनचं गणित मुळात कोणत्या पल्ल्याचं?

घोडबंदर रोडच्या बाजूला नाहीतर खारघरकडे जी मंडळी घोड्यावर रायडिंग करतात, त्यांच्यात ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत झाली की एक वाद ठरलेला. पहिला कोण आला यावर कोणी भांडत नाही, भांडण असतं बेस्ट कंडिशनवरून, म्हणजे राइड संपल्यावर सगळ्यात ठणठणीत घोडा कोणाचा. "आमचा तर नाचत होता, मग कप त्यांना कसा?" आणि मग सगळे त्या बिचाऱ्या व्हेटवर, म्हणजे घोडे तपासणाऱ्या डॉक्टरवर घसरतात. खरं तर गोची त्याच्या आधीची आहे.

लांब पल्ल्याची स्वारी मुळात लष्करी लोकांचा उद्योग. १८९२ ला व्हिएन्ना आणि बर्लिनदरम्यान ऑस्ट्रियन आणि जर्मन अधिकारी धावले, जवळपास ५८० किलोमीटर, जिंकणारा साधारण ७१ तासांत पोचला पण त्याचा घोडा मेला, बाकीचेही बरेच मेले आणि चिकार बोंबाबोंब झाली. पुढे १९१९ ला अमेरिकन लष्कराने ५ दिवसांत ३०० मैलांची राइड ठेवली तेव्हा वेगासोबत घोड्याच्या अवस्थेलाही मार्क ठेवले. जिंकली रामला नावाची अरबी घोडी, पाठीवर २०० पौंड घेऊन.

सिव्हिलियन खेळ म्हणून हे रुजलं ते कॅलिफोर्नियात, १९५५ ला वेंडेल रोबीने एका दिवसात १०० मैलांची राइड सुरू केली, तीच आजची टेविस कप. तिथे १९६४ पासून हॅगिन कप देतात, पहिल्या दहा घोड्यांतल्या सगळ्यात चांगल्या अवस्थेतल्या घोड्याला. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची तपासणी होते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उभं राहिल्यावर पाय आखडलेत का, सूज आलीय का, खोगिराखाली पाठ लागलीय का, सगळं तेव्हा बाहेर येतं, रात्री लाइटच्या उजेडात कितीही झाकलं तरी.

१९७२ ला अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स स्थापन झाली आणि तिच्या फॉर्मवर हे सगळं आकड्यांत बसलं. एकूण ८०० मार्क. त्यातले ५०० व्हेटचे: हृदयाचे ठोके किती लवकर खाली आले, शरीरात पाणी किती उरलंय (मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात, लगेच सपाट झाली तर ठीक), जखमा, लंगडणं आणि एकूण चाल. प्रत्येकाला दहापैकी मार्क आणि मग ते गुणिले दहा. वेळेचे २००, पहिल्या घोड्याच्या मागे राहिलात की मिनिटाला एक मार्क कट. वजनाचे १००, सगळ्यात जड स्वारापेक्षा तुम्ही जितके हलके तितके पौंडाला अर्धा मार्क वजा, तेही खोगिरासकट.

५०-१०० मैलांना हे बरोबर बसतं, कारण तिथे पहिले दहा घोडे भरपूर अंतर ठेवून येतात आणि थकवा डोळ्यांना दिसतो. पण नंतर २५ ते ३५ मैलांची लिमिटेड डिस्टन्स आली आणि तिला हेच गणित जसंच्या तसं लावलं, आपल्या ४० किलोमीटरवाल्या राइड्स पण त्याच पट्ट्यात पडतात. इथे पहिले दहा एकमेकांच्या पाऊण तासाच्या आत येऊ शकतात, जवळपास सगळे घोडे तरतरीत, व्हेट सगळ्यांना ९ नाहीतर १० देतो. मग कप कोण ठरवतं? वजनकाटा! ९५ किलोचा स्वार आणि ५५ किलोची पोरगी, खोगीर सारखंच धरलं तरी फरक ८८ पौंडांचा म्हणजे ४४ मार्क, तेवढे भरून काढायला तिला ४४ मिनिटं आधी यावं लागेल, जे २५ मैलांत कठीणच. आणि व्हेटने एका रकान्यात ९ ऐवजी १० लिहिलं की थेट १० मार्क इकडचे तिकडे.

अजून एक भानगड आहे. लिमिटेड डिस्टन्समध्ये लाइन ओलांडली म्हणजे संपलं असं नाही, ठोके मिनिटाला ६० पर्यंत उतरले की घड्याळ थांबतं. हा नियम चांगलाच आहे, उगाच घोडे पळवण्याला चाप बसतो, पण त्यामुळे ज्याचे ठोके लवकर उतरतात त्याला वेळेतही फायदा आणि व्हेटच्या रकान्यातही फायदा. आपल्याकडच्या दमट हवेत तर घाम सुकत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, महालक्ष्मीहून रिटायर झालेला धिप्पाड थरोब्रेड पाणी मारून मारून थंड करावा लागतो आणि शेजारचा सडपातळ काठियावाडी तोवर मोकळा झालेला असतो.

त्यातल्या त्यात बरी तपासणी म्हणजे डॉक्टर केरी रिजवे यांची दुडकीची टेस्ट: ठोके मोजा, १२५ फूट जाऊन परत या, दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा, दुसरा आकडा वर गेला तर घोडा दमलाय. इथे स्टेथोस्कोप बोलतो, मत नाही. छोट्या राइडला वजनाचे मार्क अर्ध्यावर आणावेत, सगळे घोडे एकाच व्हेटने नंबर न बघता तपासावेत, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असं माझं मत. पण टेम्पो रात्रीच भरायचा असतो आणि सोमवारी सगळ्यांना ऑफिस असतं, त्यामुळे सकाळची तपासणी कोणी मनावर घेत नाही.