ठोकलेलं की ओतलेलं? सोन्याचं रोमन नाणं पारखताना

इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी काढून, मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेली रानं धुंडाळणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. सफोकमधल्या हॉक्सन गावी १९९२ साली अशाच एकाच्या यंत्राने रोमन काळातला मोठा साठा दाखवला, त्यात सोन्याची साडेपाचशेहून जास्त नाणी होती. एवढं घबाड क्वचितच कुणाच्या नशिबी येतं. बहुतेकदा वर येतं ते एकटंच नाणं, आणि ते हातात धरून माणूस विचारतो, "सोनं खरं आहे ना?" याचं उत्तर 'हो' आलं तरी फारसं काही सिद्ध होत नाही, कारण बनावट नाणी करणारेही अस्सल सोनं वापरतात. आधी बघायचं ते हे की नाणं ठशांखाली ठोकून पाडलंय की साच्यात ओतलंय.

रोमन टाकसाळीत सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरच्या ठशावर हातोडा हाणत. त्या घावाने धातू ठशाच्या खोलगट भागांत शिरतो आणि कडेकडे सरकतो. ही हालचाल नाण्यावर उमटून राहते. अक्षरांच्या बाजू उभ्या आणि स्वच्छ येतात, अक्षरांपासून कडेपर्यंत धावणाऱ्या अगदी बारीक रेषा भिंगातून दिसतात, मधली मोकळी जागा गुळगुळीत असते. घाव हाताचा, त्यामुळे नाण्यावरचा चेहरा मध्यापासून सरकलेला असणं किंवा कडेला चीर असणं स्वाभाविक आहे. उलट अगदी काटेकोर गोल, नेमकं मधोमध छापलेलं नाणं दिसलं तर मला आधी शंका येते.

ओतीव प्रतीसाठी खऱ्या नाण्यावरून साचा घेतात आणि त्यात वितळलेलं सोनं ओततात. थिजताना धातू आक्रसतो, म्हणून प्रत मुळापेक्षा किंचित लहान निघते. बुडबुड्यांची सूक्ष्म खळगी राहतात, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या बोथट होतात आणि साच्याच्या दोन भागांचा सांधा नाण्याच्या कडेवर येतो. तो कानशीने घासून काढतात, पण घासल्याच्या खुणा राहतात. म्हणून छापा-काटा पाहण्याआधी कड बघावी.

खरी फसगत होते ती झिजलेल्या नाण्याबाबत. हातोहात फिरून झिजलेलं अस्सल नाणंही बोथट दिसतं आणि ओतीव वाटतं. फरक असा की झीज आधी उंच भाग खाते: गाल, केस, भुवई. अक्षरांच्या बुडाशी, खोलगट कोपऱ्यांत मूळची धार शाबूत असते. ओतीव नाण्यात उंच-सखल सगळीकडे सारखाच मऊपणा दिसतो. दुसरी खूण त्याहून पक्की. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी सापडतात, त्यात वावगं काही नाही. पण नंतर पडलेला ओरखडा किंवा टोचा दोन्हींवर हुबेहूब एकाच जागी असेल, तर निदान एक तरी साच्यातून आलेलं आहे.

वजनही बोलतं. इसवी सन ६४ मध्ये सम्राट नीरोने ऑरियस या सोन्याच्या नाण्याचं वजन उतरवलं, तेव्हापासून ते साधारण ७.३ ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने पाऊण तोळ्याच्या जवळपास. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासूनचा सॉलिडस, म्हणजे नंतरचं सोन्याचं नाणं, ४.५ ग्रॅमच्या आसपास. पाण्यात तोलून घनता पाण्याच्या १९ पटींच्या खाली बरीच घसरली, तर आत हलका धातू आहे किंवा भेसळ आहे, असं समजावं. मात्र सोनाराच्या कसोटीवर ते कृपा करून घासू नका. कस कळेल, पण नाण्यावर कायमची जखम होईल.

ठोकलेलं म्हणजे अस्सलच, असंही नाही. जर्मनीच्या कार्ल विल्हेल्म बेकरने (१७७२–१८३०) स्वतः ठसे कोरून प्राचीन वाटणारी नाणी पाडली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर डब्यात घालून घोडागाडीतून हिंदकळवत नेई, असं सांगतात. त्याच्या नाण्यांत ओतीवपणाच्या खुणा मिळत नाहीत. तिथे ठशांची जुळणी आणि कोरणाऱ्याची शैलीच कामी येते.

उलट टोकाचं उदाहरण स्पॉन्सियन या एरवी अज्ञात सम्राटाचं नाव असलेल्या नाण्याचं. ट्रान्सिल्वेनियात १७१३ साली सापडलेली ही सोन्याची नाणी ओतीव, ओबडधोबड, म्हणून दीर्घकाळ खोटी ठरलेली. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहातलं एक नाणं २०२२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा वापराची झीज आणि पृष्ठभागावर घट्ट चिकटलेली मातीतली खनिजं दिसली, आणि अभ्यासकांनी ती अस्सल असल्याचं मांडलं. बऱ्याच नाणेतज्ज्ञांना ते पटलेलं नाही. निकाल काहीही लागो, त्या वादात पुराव्याला आली ती माती.

म्हणून सापडलेलं नाणं धुऊ नका, ब्रशने तर मुळीच नको. जागेची अचूक नोंद करा, खोली लिहा, तिथेच फोटो काढा. मातीतून निघालं एवढ्याने ते जुनं ठरत नाही, आधुनिक प्रतीही शेतात हरवतात. पण आजूबाजूला त्याच काळातली खापरं किंवा इतर नाणी मिळाली तर साक्ष भक्कम होते, आणि ही साक्ष लिलावात विकत मिळत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये एकटं नाणं सहसा कायद्याने 'खजिना' ठरत नाही, तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवलं तर तज्ज्ञ नजर मिळते आणि नोंदही होते. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी इकडचे नियम तिकडे लावू नयेत, आणि तिकडचे इकडे. भारतात १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, मग नाणं एकच का असेना.