वानर-चितळ सहवास

मध्य भारतातील पानझडी जंगलात झाडावर वानरांची टोळी आणि त्याच झाडाखाली चितळांचा कळप हे नेहमीचे दृश्य आहे. ताडोबा, पेंच, कान्हा या जंगलांत ते सहज पाहता येते. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा लंगूर. लाल तोंडाचे माकड निराळे. चितळ हे खरे हरीण असून नराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. काळविटाची शिंगे आयुष्यभर तीच राहतात, त्यामुळे त्याला हरीण म्हणण्याची रूढी शास्त्राला धरून नाही.

सोबतीचे पहिले कारण चारा. वानर खाताना फार सांडतात. डहाळी मोडायची, कोवळा शेंडा खायचा आणि उरलेला पाला सोडून द्यायचा, असा त्यांचा क्रम असतो. चितळ मागच्या पायांवर उभे राहिले तरी फार उंच पोहोचत नाही. वरून पडलेली पाने, फुले, फळे मात्र त्याला आयती मिळतात. गवत वाळून काड्या झालेल्या उन्हाळ्यात या पाल्याचे मोल सर्वाधिक. वानर हरणांसाठी मुद्दाम पाला टाकतात, हा समज चुकीचा आहे. संशोधक पॉल न्यूटन यांनी कान्हा येथे या सहवासाचा अभ्यास करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाऱ्याच्या व्यवहारात लाभ जवळजवळ एकतर्फी, म्हणजे चितळाचाच आहे.

दुसरे कारण पहारा. वानराला उंचावरून लांबचे दिसते; चितळाचे नाक व कान तीक्ष्ण असतात. वाघ किंवा बिबट्या दिसताच वानर घोगऱ्या, खोकल्यासारख्या आवाजात ‘खाक्‌-खाक्‌’ करतो. चितळाचा इशारा बारीक, शिटीसारखा असतो. या इशाऱ्याला जंगलात ‘कॉल’ म्हणतात, पण एखाद्या कॉलवर विसंबू नये. चितळ रानकुत्र्यांना पाहून ओरडते, तसेच नुसत्या संशयानेही. कॉल थांबून थांबून पण सतत येत असेल, चितळांनी शेपट्या उभारल्या असतील, एखादी मादी पुढचा पाय आपटत असेल आणि वरच्या वानरांसह सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतील, तर त्या दिशेला पाहावे. कॉल बंद पडला म्हणजे वाघ गेला असे नव्हे. तो झुडपाआड बसला असला तरी आवाज थांबतो.

जपानच्या याकुशिमा बेटावर तेथील माकडे व सिका हरणे यांच्यातही असाच सहवास आढळतो.

संस्कृतीतही हे दोन प्राणी वारंवार जवळ येतात. रामायणात मारीचाचे सुवर्णमृग रूप संकट घेऊन येते, तर वानर त्यावर उपाय ठरतात. नाशिकची पंचवटी याच कथेशी जोडलेली आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात महाकपी (वानराची) व रुरू (हरणाची) या दोन्ही जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा, चितारल्या आहेत. मारुतीमुळे वानराला गावोगाव अभय मिळते, पण हरभरा-तुरीच्या शेतात तेच अभय शेतकऱ्याला महाग पडते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार दोन्ही प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. सध्याचा मोठा उपद्रव मात्र खाऊ घालण्याचा आहे. बिस्किटे, फुटाणे मिळू लागले की टोळी झाड सोडून रस्त्याच्या कडेला बसून राहते. वाहनाखाली सापडण्याचा धोका वाढतोच, शिवाय खालच्या चितळांना मिळणारा पाला कमी होतो आणि फांदीवरचा पहारेकरीही जागेवर राहत नाही.