बर्फातली गरम कुंडे: जपानच्या हिवाळी स्नानयात्रेची पार्श्वभूमी

जपानच्या हिवाळी सहलींची माहिती देणाऱ्या पुस्तिकांत एक चित्र हमखास असते: डोंगरउतारावरचे उघडे दगडी कुंड, काठावर साचलेला बर्फ, पाण्यातून उठणारी वाफ आणि त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडून बसलेले दोघे-तिघे. गरम पाण्याच्या झऱ्यांना आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या गावांना जपानीत ओनसेन म्हणतात. देशात असे सुमारे २७ हजार उगम नोंदलेले आहेत आणि मुक्कामाची सोय असलेली ओनसेन-गावे तीन हजारांच्या आसपास आहेत. बर्फ आणि गरम पाणी यांची जोडी तिथे अनादी काळापासून चालत आली असावी, असे त्या चित्रावरून वाटते. झरे आणि स्नानाची रीत खरोखरच प्राचीन आहेत. मात्र हिवाळ्यात तिकडे मुक्कामाला जाण्याची प्रथा शेतकऱ्यांच्या रिकाम्या महिन्यांतून वाढली, आगगाडीने ती शहरांपर्यंत पोहोचवली आणि आज जी तिची ओळख मानली जाते, तिचा बराचसा भाग १९६० नंतरचा आहे.

सर्वांत जुने लेखी उल्लेख आठव्या शतकातले आहेत. इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या राजवृत्तांतात सम्राट जोमेई ६३१ मध्ये आरिमाच्या झऱ्यावर गेल्याची नोंद सापडते. हे आरिमा आज कोबे शहराच्या हद्दीत येते. सम्राट शरद ऋतूत निघाला आणि वर्षाच्या बाराव्या महिन्यात परतला, म्हणजे मुक्काम जवळपास तीन महिन्यांचा झाला. ७३३ मध्ये लिहिल्या गेलेल्या इझुमो प्रांताच्या वृत्तांतात राजाऐवजी रयत दिसते. तामात्सुकुरीच्या झऱ्यावर स्त्रिया, पुरुष, म्हातारेकोतारे, मुले असे सगळे जमतात, तिथे बाजारासारखी गर्दी होते, एकदा स्नान केले की रूप उजळते, पुन्हा केले की सारे आजार जातात आणि म्हणून लोक त्याला देवाचे पाणी म्हणतात, असा त्यातला मजकूर आहे. बाराशे वर्षांनंतरच्या जाहिरातदारांना यात फारशी भर घालता आलेली नाही. पुढे बौद्ध मठांनी स्नानाला पुण्यकर्माचे स्थान दिले आणि कित्येक झऱ्यांच्या उत्पत्तिकथा भिक्षूंच्या नावावर रूढ झाल्या.

सामान्य माणसाचा ओनसेनशी दीर्घ संबंध जुळला तो तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीत, १६०३ ते १८६८ या काळात. राजवटीचा संस्थापक इएयासु याने स्वतः १६०४ मध्ये आतामी येथे सात दिवस मुक्काम केला होता, आणि पुढच्या काळात आतामीचे पाणी लाकडी पिंपांत भरून शोगुनाच्या स्नानासाठी एदोच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या तोक्योत, नेले जाऊ लागले. सात दिवसांचे हे माप महत्त्वाचे आहे. औषध म्हणून केल्या जाणाऱ्या या स्नानमुक्कामाला तोजी म्हणत. सात दिवसांचा एक फेरा आणि असे तीन फेरे मिळून तीन आठवडे, हा त्याचा रूढ हिशेब होता. एका रात्रीसाठी जाऊन चार वेळा पाण्यात उतरण्याची आजची पद्धत त्या काळच्या माणसाला अर्धवट उपचारासारखी वाटली असती.

त्या राजवटीत सामान्य माणसाला दूरच्या प्रवासासाठी परवाना लागत असे, आणि परवाना मिळण्याची जी मोजकी कारणे सर्वमान्य होती त्यांत तीर्थयात्रा आणि तोजी ही दोन प्रमुख होती. तोजीला निघालेल्यांत खरे आजारी किती आणि हवापालटाला निघालेले किती, हे परवाना देणाऱ्यांना बहुधा कळत असावे. एदोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या हाकोनेच्या परिसरात तर या सवलतीवरून १८०५ मध्ये रीतसर भांडण झाले. इसेच्या देवस्थानाकडे निघालेले यात्रेकरूंचे जथे महामार्गावरच्या अधिकृत मुक्कामाच्या गावांत न थांबता यूमोतोच्या झऱ्यावर एकच रात्र काढू लागले, तेव्हा त्या गावांनी सरकारकडे तक्रार केली. निकाल झऱ्याच्या बाजूने लागला आणि एका रात्रीच्या तोजीला मान्यता मिळाली. उपचार आणि सहल यांच्यातली सीमारेषा पुसट होण्याची सुरुवात यातूनच दाखवता येते.

हिवाळ्याचा संबंध मात्र हाकोनेसारख्या महामार्गावरच्या ठिकाणांपेक्षा ईशान्येकडच्या तोहोकु भागातल्या खेड्यांतून अधिक स्पष्ट कळतो. भाताची कापणी आणि मळणी उरकून सारा भरला की तिथला शेतकरी बर्फाने अडकून पडे. सुगी संपल्यावर आपल्याकडे जत्रांचे दिवस येतात, तसा तिथे तोजीचा हंगाम येई. त्यातही जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंतचा, पंचांगाप्रमाणे कडाक्याच्या थंडीचा जो काळ आहे, त्यातल्या स्नानाला कान-तोजी असे स्वतंत्र नाव होते आणि त्या दिवसांत घेतलेल्या स्नानाने वर्षभर आजार शिवत नाही, अशी समजूत होती. लावणी आटोपल्यावरही असाच एक छोटा मुक्काम होत असे. घरून तांदूळ, मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा), लोणची आणि अंथरूण-पांघरूण पाठीवर बांधून आणायचे, निवासगृहाच्या सामाईक चुलीवर स्वतः रांधायचे, दिवसातून अनेकदा पाण्यात उतरायचे आणि उरलेला वेळ शेजारच्या गावच्या मंडळींशी गप्पांत घालवायचा, असा तो मुक्काम असे. वाकून वाकून आखडलेल्या पाठी आणि गुडघे तीन आठवड्यांत मोकळे होत. कुणाच्या मुलीसाठी कुठले स्थळ चांगले, याचीही बोलणी तिथेच निघत असणार, कारण एरवी पाच-सहा गावची माणसे इतके दिवस एका छपराखाली येण्याची सोयच नव्हती. स्वतः रांधण्याची सोय देणारे विभाग तोहोकुतल्या काही जुन्या निवासगृहांत अजून चालू आहेत.

याच्या नेमके उलटे उदाहरण कुसात्सु या डोंगरी ओनसेन-गावाचे आहे, आणि हिवाळी ओनसेनच्या प्राचीनतेबद्दल बोलणाऱ्यांनी ते अवश्य लक्षात घ्यायला हवे. शोगुनकाळात सुमो कुस्तीच्या मानांकनाच्या धर्तीवर देशभरच्या झऱ्यांची क्रमवारी छापली जाई. त्यात पूर्व विभागात सर्वोच्च स्थान बहुतेक वेळा कुसात्सुला आणि पश्चिम विभागात आरिमाला असे. पण सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे सर्वांत नावाजलेले ठाणे हिवाळ्यात चक्क बंद असायचे. चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या आठव्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसापर्यंत गावकरी घरे बंद करून खालच्या खेड्यांत राहायला जात. रस्ते बर्फाखाली जात आणि वर धान्य पोहोचवणे अशक्य होई, म्हणून ही व्यवस्था होती. ती शोगुनांची राजवट संपल्यानंतरच्या मेजी काळापर्यंत (१८६८ ते १९१२) टिकली. आज त्याच गावात हिवाळ्याच्या सुट्ट्यांत खोली मिळणे अवघड जाते. फरक पडला तो रस्ते, वाहने आणि इंधन यांमुळे.

कुसात्सुला आधुनिक प्रतिष्ठा मिळवून देण्यात एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरचा मोठा वाटा आहे. मेजी सरकारने पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्यासाठी त्याला १८७६ मध्ये बोलावले आणि पुढची जवळपास तीन दशके तो जपानमध्ये राहिला. कुसात्सुचे पाणी अतिशय आम्लधर्मी आणि उगमापाशी अंगाला सोसवणार नाही इतके गरम आहे. ते थंड करण्यासाठी त्यात गार पाणी मिसळले तर गुण कमी होतो, अशी स्थानिकांची धारणा असल्याने लांब फळ्यांनी ते ढवळून निववण्याची रीत पडली होती, आणि एका प्रमुखाच्या हुकमाने सर्वांनी एकदम पाण्यात उतरून ठरावीक मिनिटांनी एकदम बाहेर येण्याची शिस्त होती. बेल्त्सने हे सारे पाहून त्यावर लिहिले आणि या पाण्याची, तसेच तिथल्या डोंगरी हवेची, युरोपीय वैद्यकाच्या भाषेत प्रशंसा केली. ज्या गोष्टी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या करत होते, त्यांना सरकारदरबारी किंमत यायला परदेशी डॉक्टरची साक्ष लागली. वास्तविक अठराव्या शतकाच्या आरंभी गोतो कोनझान या जपानी वैद्याने गरम झऱ्यांचा उपचारात पद्धतशीर उपयोग सुरू केला होता.

याच मेजी काळात स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्नानावर सरकारने बंदी घालायला सुरुवात केली. पाश्चात्त्यांच्या नजरेत आपला देश असंस्कृत दिसू नये, ही त्यामागची मुख्य काळजी होती. शहरांत ती लागू झाली, आडवळणाच्या डोंगरी गावांत मात्र एकत्र कुंडे टिकून राहिली. आपल्याकडून जाणाऱ्या पर्यटकांना सर्वांत अवघड वाटणारा नियम, म्हणजे कपडे पूर्ण उतरवून, बाहेरच साबणाने अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे, हा या वादापलीकडचा आहे. कुंड अंग धुण्यासाठी नसून बुडून बसण्यासाठी आहे आणि तेच पाणी सर्वांनी वापरायचे आहे, एवढेच त्याचे कारण आहे.

पाणी सर्वांचे असण्याची ही कल्पना किती खोल रुजलेली होती, याचा दाखला जपान समुद्राच्या बाजूला असलेल्या किनोसाकी गावात मिळतो. येथे झऱ्यांवर गावाचा सामाईक हक्क होता आणि निवासगृहांत स्नानगृहच नसे. पाहुण्यांनी युकाता, म्हणजे सुती किमोनो, अंगावर घालून, लाकडी खडावा वाजवत गावातल्या सार्वजनिक कुंडांवर जायचे, अशी रीत होती. २३ मे १९२५ रोजी झालेल्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत गाव बेचिराख झाले. पुनर्बांधणी चालू असताना १९२७ मध्ये एका निवासगृहाने स्वतःच्या आवारात कुंड सुरू करण्याचा घाट घातला आणि गाव त्याच्याविरुद्ध उभे राहिले. प्रत्येक जण आपापल्या घरात आंघोळ करू लागला तर रस्त्यावरची दुकाने कुणासाठी उघडी ठेवायची, आणि उगमाचे पाणी आटले तर दाद कुणाकडे मागायची, असा प्रश्न होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मध्ये महायुद्ध येऊन जाऊनही मिटले नाही; अखेर १९५० मध्ये तडजोड झाली. निवासगृहांना आत कुंड ठेवण्याची मुभा मिळाली, पण त्याच्या आकारावर मर्यादा आली. त्यामुळे पाहुण्याला मोठ्या पाण्यासाठी आजही बाहेरच पडावे लागते. बर्फ पडत असताना खडावा घालून एका कुंडावरून दुसऱ्या कुंडावर फिरणारे पाहुणे हे किनोसाकीचे प्रसिद्ध दृश्य या तडजोडीचे अपत्य आहे. नोव्हेंबर ते मार्च हा तिथल्या खेकड्यांचा हंगाम असल्याने गावाचा मुख्य मोसमही हिवाळाच ठरला.

हिवाळ्याला स्वतंत्र आकर्षण मिळाले ते स्कीमुळे. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर फोन लेर्ख याने जानेवारी १९११ मध्ये नीगाता प्रांतातल्या ताकादा येथे जपानी सैनिकांना स्कीचे शिक्षण दिले आणि खेळ झपाट्याने पसरला. नोझावा ओनसेन या गावात १९२३ मध्येच स्की मंडळ स्थापन झाले. त्या गावातली १३ सार्वजनिक कुंडे अजूनही गावकऱ्यांची मंडळीच सांभाळतात आणि बाहेरच्यांनाही तिथे मोफत प्रवेश असतो. १९३१ मध्ये शिमिझु बोगदा सुरू झाल्यावर तोक्योहून डोंगरापलीकडच्या हिमप्रदेशात जाणे सोपे झाले. ज्या बर्फाने शेतकऱ्याला घरात कोंडले होते, त्याच बर्फासाठी आता शहरी माणूस तिकीट काढू लागला.

महायुद्धानंतर १९४८ मध्ये ओनसेन कायदा झाला. उगमापाशी तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असेल, किंवा कायद्याने सांगितलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात असेल, तर ते पाणी ओनसेन मानले जाते. म्हणजे थंड पाणीही कायद्याने ओनसेन ठरू शकते आणि ते तापवून कुंडात सोडता येते. आर्थिक भरभराटीच्या दशकांत कंपन्या कर्मचाऱ्यांच्या झुंडी बसमध्ये घालून आतामीसारख्या ठिकाणी नेऊ लागल्या आणि तिथे सिमेंटची अवाढव्य हॉटेले उभी राहिली. त्याला कंटाळलेल्या प्रवाशांना आडबाजूच्या लाकडी निवासगृहांची ओढ लागली. अशा दुर्गम ठिकाणच्या मालकांनी १९७५ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि बर्फातल्या उघड्या कुंडाचे चित्र त्यानंतर घरोघरी पोहोचले.

नागानो प्रांतातल्या जिगोकुदानीच्या माकडांची गोष्टही याच काळातली आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांना खाणे देऊन दरीत थोपवण्याचा प्रयोग झाला, १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांतली काही निवासगृहाच्या कुंडात उतरू लागली, आणि माणसांबरोबर त्यांनी डुंबणे स्वच्छतेच्या दृष्टीने बरे नाही म्हणून त्यांच्यासाठी वेगळे कुंड बांधले गेले. १९६४ मध्ये उद्यान सुरू झाले आणि १९७० मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर माकड झळकल्यावर ते जपानी हिवाळ्याचे प्रतीक बनले. हे प्रतीक माणसांच्या सवयीहून तब्बल बाराशे वर्षांनी लहान आहे.

इतकी मागणी वाढल्यावर पाण्याच्या खरेपणाचा प्रश्न येणे अटळ होते. दुधाळ पांढऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शिराहोने येथे रंग फिका पडल्यामुळे काही कुंडांत विकतची स्नानपूड मिसळली जात असल्याचे २००४ मध्ये उघड झाले, आणि पाठोपाठ इतर काही ठिकाणी नळाचेच पाणी वापरले जात असल्याचेही उघडकीस आले. परिणामी २००५ पासून प्रत्येक ओनसेनला आपल्या पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी गाळून फिरवले जाते का आणि त्यात जंतुनाशक किंवा अन्य काही घातले आहे का, हे कारणासह लावून ठेवणे बंधनकारक झाले. कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला, बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटणारा तो जपानी अक्षरांचा फलक हाच असतो.