‘फळीवर वंदना’ची पूर्वपीठिका

गणेशोत्सवात आरती रंगात आली की एखादे चिमुरडे टाळ्यांच्या ठेक्यावर ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ असे खड्या आवाजात म्हणते आणि मोठी माणसे हसू दाबतात. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’ असा आहे. फणिवर म्हणजे नागराज, आणि त्याला कमरपट्ट्यासारखा पोटाला बांधणारा तो गणपती. मात्र आरतीची चाल हा समास ‘वर’पाशी तोडते. ‘ण’ आणि ‘ळ’ दोन्ही मूर्धन्य असल्याने टाळ-झांजांच्या गजरात एकाच्या जागी दुसरा सहज ऐकू येतो, आणि समोर देव खरोखरच फळीवर बसलेला असतो. ‘बंधना’चे ‘वंदना’ तर काही छापील पुस्तिकांतही आढळते, त्यामुळे सगळाच दोष मुलाच्या कानाला देणे योग्य नाही.

समर्थ रामदासांची (1608–1681) ही रचना पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होत आली. 1893 पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिल्यावर ती घोळक्यात, एकाचे ऐकून दुसऱ्याने म्हणायची झाली. पुस्तिका एखाद्याच्याच हातात असते. बाकीचे, विशेषतः मुले, कानावर विसंबून असतात. विठोबाच्या आरतीतल्या ‘कुरवंड्या येती’च्या ‘सुरवंट्या’ होतात त्या यामुळेच, कारण कुरवंडी, म्हणजे ओवाळणी, घरातल्या बोलण्यातून गेली, सुरवंट मात्र अंगणात दिसतो. तिन्हीसांजेच्या ‘शुभं करोति’तल्या ‘दीपज्योती’चे ‘दीपक जोशी’ होतात, तेही शेजारी कोणी जोशी असतातच म्हणून.

या प्रकाराला इंग्रजीत ‘मॉन्डेग्रीन’ हे नाव मिळाले ते सिल्व्हिया राइट या अमेरिकी लेखिकेमुळे. आई वाचून दाखवत असलेल्या एका स्कॉटिश पोवाड्यात मारेकऱ्यांनी अर्लला, म्हणजे एका सरदाराला, ठार करून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे ‘हिरवळीवर निजवले’, अशी ओळ होती; लहानग्या सिल्व्हियाला ती ‘आणि लेडी मॉन्डेग्रीनला’ अशी ऐकू आली, आणि सरदारासोबत प्राण देणारी एक बाई तिच्या मनात कायमची उभी राहिली. हा किस्सा तिने 1954 मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात लिहिला. मराठीत यासाठी असा एकशब्दी रूढ शब्द नाही, उदाहरणांची मात्र वाण नाही.

त्यांतले सर्वांत चिवट उदाहरण मुलांचे नाहीच. ‘संकटी पावावे’ ही ओळ असंख्य प्रौढ भाविक ‘संकष्टी पावावे’ अशी म्हणतात, आणि संकटात धावून येण्याची विनवणी महिन्यातल्या एका चतुर्थीपुरती उरते.