वायफायचा तेरा नंबर

‘राउटरचा चॅनेल 1 वरून 13 वर न्या, नेट दुप्पट पळेल.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. टीव्हीचा आवाज वाढवतो तसा हा आकडा वाढवायचा, असं वाटणं साहजिक आहे.

पण तो आकडा वेगाचा नाही, रेडिओलहरींच्या पट्ट्यातल्या जागेचा आहे. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल 1 म्हणजे 2412 मेगाहर्ट्झ, 13 म्हणजे 2472. दोन शेजारी चॅनेलांत अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झ, आणि वायफायला लागतात किमान 20. म्हणून 3 वरचा राउटर 1 आणि 6 या दोघांच्याही अंगणात पाय पसरतो. एकमेकांना न अडवणारे नेहमीचे तीन: 1, 6, 11. शिवाय परदेशातून आणलेल्या काही फोनना 13 दिसतच नाही, मग वायफाय गायब!

मालवणात ओळीने होमस्टे असलेल्या आळीत चॅनेल बदलून खरंच फरक पडू शकतो. भोवती माडच असलेल्या एकट्या घरात बहुधा नाही. तिथे आड येतात त्या जाड चिऱ्याच्या भिंती. राउटर माजघरातून पडवीकडे सरकवून बघा.

पडताळायचं तर वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल पाहा. राउटरखालच्या लेबलावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून सेटिंग उघडा, 1, 6, 11 पैकी मोकळा निवडा. आधी आणि नंतर, एकाच खुर्चीत बसून, तीन-तीनदा स्पीड मोजा. लॅपटॉपला केबल लावूनही नेट रडतंच असेल, तर दोष वायफायचा नाही, बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनचा.