हस्तिदंत ते रोबोट: गुडघेबदलाची पार्श्वभूमी

गुडघा बदलण्याची खटपट १८९० इतकी जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या सर्जनने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागर बसवला. जंतुसंसर्गामुळे प्रयोग फसला, बिजागराची कल्पना मात्र टिकली. १९५० च्या दशकातले वॉल्डियस आणि शियर्स यांचे सांधेही बिजागरच होते, फक्त साहित्य बदललं. गुडघा नुसता मिटत-उघडत नाही. वाकताना तो सरकतो, किंचित फिरतोही. ही फिरत बिजागराला जमत नसे. सगळा ताण हाडातल्या पकडीवर येई आणि सांधा ढिला पडे.

कोंडी फुटली ती खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नले यांनी खुब्यासाठी बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवणारं मिश्रण) आणि पॉलिएथिलीन हे प्लास्टिक रुळवलं होतं. त्यांच्याकडे आलेल्या कॅनडाच्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ च्या सुमारास तेच गुडघ्यात वापरलं आणि बिजागर काढूनच टाकला. मांडीच्या हाडावर धातू, नडगीवर प्लास्टिक, दोन्ही सुटे. सांधा धरून ठेवायचं काम रुग्णाच्याच लिगामेंटचं, म्हणजे हाडं जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचं. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांचा ‘टोटल कॉन्डायलर’ हा सांधा आला. आजचे बहुतेक सांधे याच घराण्यातले.

भिस्त लिगामेंटवर आली म्हटल्यावर हाडाचा काप नेमका हवा. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा तीन अंशांच्या आत सरळ यावी, हा दंडक पडला. त्यासाठी हाडात सळई घालून काप घेण्याचा साचा बसवत. अंदाज बराचसा नजरेचाच. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला संगणकाच्या मार्गदर्शनाखाली पहिला गुडघा बसवला गेला. पुढे रोबोटिक हात आला: २००६ पासून अर्ध्या गुडघ्यासाठी, २०१५ मध्ये अमेरिकेत पूर्ण गुडघ्यासाठीही मंजुरी.

‘रोबोट’ हा शब्द जरा फसवा आहे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात, कॅमेरा त्या टिपत राहतो. अशा बऱ्याच यंत्रांत करवत सर्जनच चालवतो. ती आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की रोबोटिक हात तिला अडवतो. काप त्यामुळे अधिक नेमके होतात, यात वाद नाही. पण २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात, आणि ते बसवले होते जुन्याच साच्यांनी. टिकाऊपणात रोबोट याच्या पुढे जातो का, हे कळायला अजून बरीच वर्षं लागतील.

खरा पेच वेगळाच आहे. शस्त्रक्रिया ठाकठीक होऊनही साधारण पाचातला एक रुग्ण समाधानी नसतो. म्हणून काही सर्जन आता सरळ रेषेचा हट्ट सोडून ज्याच्या त्याच्या पायाची मूळ ठेवण जपायला पाहतात. कोणत्या पायाला किती अंश, यावर अजून एकमत नाही.