ऊर येथील राजदफने

दक्षिण इराकमधील ऊर या प्राचीन सुमेरियन नगरातील दफनभूमीत आढळलेली उच्चवर्गीय दफने. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. सु. 2600 ते 2450 मानतात. ब्रिटिश म्यूझियम व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेत लेनर्ड वुली यांनी 1922–34 दरम्यान केलेल्या उत्खननात येथे सु. 1,850 दफने उजेडात आली. त्यांतील बहुतेक साध्या खड्ड्यांत, चटईत गुंडाळून वा शवपेटीत केलेली होती. दगड-विटांची कोठडी आणि मुख्य मृताबरोबर पुरलेले सेवक या लक्षणांवरून वुली यांनी 16 दफने ‘राजदफने’ ठरविली.

हे नामाभिधान सर्वमान्य नाही. या सोळांपैकी एका दफनातील पुआबी या स्त्रीच्या दंडगोल मुद्रेवर ‘निन’ (राणी वा स्वामिनी) ही पदवी आहे, मात्र पतीचा उल्लेख नाही. मेस्कलमदुग हे व्यक्तिनाव कोरलेली सुवर्णपात्रे व सोन्याचे प्रसिद्ध शिरस्त्राण ज्या दफनात मिळाले, ते या सोळांत मोडत नाही. उलट त्याच नावापुढे ‘लुगल’ (राजा) असे कोरलेली मुद्रा दुसऱ्याच कबरीत सापडली. त्यामुळे हे मृत मंदिराशी संबद्ध उच्चाधिकारी असावेत, असेही काही अभ्यासकांनी सुचविले. तथापि पदव्यांचा पुरावा पाहता निदान काही दफने राजकुलातील असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सेवकांच्या मृत्यूविषयीही असाच वाद आहे. ‘महामृत्युगर्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दफनात 74 व्यक्ती होत्या व त्यांपैकी 68 स्त्रिया होत्या. शेजारच्या पेल्यांवरून त्यांनी स्वेच्छेने विष घेतले असावे, असा वुली यांचा तर्क होता. 2011 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनवर आधारित अभ्यासात मात्र दोन कवट्यांवर मृत्युसमयीच्या आघाताच्या खुणा, तसेच देहांना उष्णता व पारदयुक्त द्रव्य दिल्याच्या खुणा दिसल्या. केवळ दोन कवट्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे अर्थात धाडसाचे ठरेल.

दफनवस्तूंत सुवर्णपर्णांची शिरोभूषणे, बैलाच्या मस्तकाच्या वीणा व शिंपल्यांचे जडावकाम उल्लेखनीय आहे. कुजलेल्या लाकडाच्या पोकळीत प्लॅस्टर ओतून वुली यांनी एका वीणेचा आकार मिळविला. यांत वापरलेला लाजवर्द (निळा मौल्यवान दगड) बहुधा अफगाणिस्तानातील बदख्शानचा असून कार्नेलियनचे (तांबूस दगडाचे) काही मणी सिंधू संस्कृतीतील घडणीचे आहेत.

तुलनेसाठी, 1988–90 मध्ये उत्तर इराकमधील निमरूद येथे असिरियन राण्यांची सुवर्णालंकारांनी समृद्ध दफने मिळाली. त्यांत सेवकांचे असे सामूहिक दफन आढळत नाही.